ग्रिलखालचं जाजम

न्यू जर्सीत मराठी माणसानं घर घेतलं की पहिल्या उन्हाळ्यात त्याला गवत कापायचं यंत्र आणि ग्रिल घ्यावंच लागतं. मेमोरियल डेला ज्याच्या मागच्या दारातून धूर निघत नाही, त्याच्याकडे शेजारी कणवेनं बघतात. ग्रिलखाली जाजमही लागतं, हे मात्र कुणी आधी सांगत नाही.

आमचा डेक कंपोझिटचा, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेल्या फळ्यांचा. त्या कुजत नाहीत, वाळवी लागत नाही, लांबलचक हमीही मिळते. फक्त निखारा पडला की वितळतात, आणि हमी निखाऱ्याला लागू नसते. १९५२ साली इलिनॉयमध्ये जॉर्ज स्टीफन या गृहस्थानं आपल्या कारखान्यातल्या लोखंडी बोयाचा गोळा अर्धा कापून त्याचं झाकणाचं ग्रिल केलं. पाण्यावर तरंगायची वस्तू त्यानं आगीला जुंपली. तेव्हापासून एरवी चहाचा कपही न विसळणारे पुरुष हातात चिमटा घेऊन रुबाबात उभे असतात, आणि चरबीचे थेंब बायकोच्या डेकवर पडतात.

जाजमांतही जाती आहेत. रबराचं स्वस्त पडतं, पण कंपोझिटवर त्याचाच डाग उठू शकतो. सिलिकॉनचा लेप दिलेलं काचतंतूंचं त्यातल्या त्यात सोवळं. पण कुठलंही घ्या, खाली पाणी साचून बुरशी धरते, म्हणून ते अधूनमधून उचलायचं. शेजाऱ्यानं त्याचं उचललं तेव्हा खाली नव्या डेकचा मूळ रंग तसाच, आणि भोवतालचा सगळा डेक उन्हानं विटलेला! आता तो चांगला चौकोन वाईट दिसतो म्हणून बिचारा बर्फातही जाजम अंथरून ठेवतो.

सासूबाई आल्या त्या जूनमध्ये. ग्रिलवर भरताची वांगी बघून खूश झाल्या, जाजम बघून नाही.

“अगं, शेगडीखाली कुणी बिछाना घालतं का? आमच्याकडे चुलीपुढे काही सांडलं तर शेणानं सारवून मोकळं व्हायचं.”

“आई, पनीरच्या मसाल्यातली हळद डेकवर सांडते हो.”

“हळद उन्हानं उडते. तुमची ती चरबी नाही उडायची.”

हे मात्र खरं निघालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाजम साबणानं घासलं, हात फिरवून बघितला आणि साबुदाणा शिजवायला घेतला. दुपारपर्यंत ग्रिल हिरवळीच्या टोकाला गेलं होतं आणि जाजमावर पापड्यांच्या रांगा लागल्या होत्या. म्हणे प्लॅस्टिकच्या कागदापेक्षा पटकन सुटतात. ग्रिल घरापासून दहा फूट लांब ठेवा, असं इथले अग्निशमनवाले कधीचे सांगत होते. ते काम सासूबाईंनी पापड्यांसाठी केलं.

आता हिरवळ करपते म्हणून नवरा आणखी एक जाजम शोधतोय. सासूबाईंनी त्याला जरा मोठ्या मापाचं बघायला सांगितलंय. सांडगे राहिलेत.