डोळे दर्शनी भागात

माणसाने घरच्यांकडे बघावे कसे, हा यक्षप्रश्न 2024 साली अमेरिकेत सुटला. ॲपलचा 'व्हिजन प्रो' हा हेडसेट डोळ्यांवर बांधायचा. किंमत फक्त 3,499 डॉलर. वजन सहाशे ग्रॅमच्या वर, बॅटरी वेगळी, वायरीने खिशात लोंबणारी. डोळे झाकले जातात, म्हणून बाहेरच्या काचेवर त्यांचेच चित्र उमटते. केवढी ही माणुसकी! पुढच्या आवृत्तीत काचेने अधूनमधून 'हो का?' एवढे म्हणावे, म्हणजे संसारही आतूनच उरकेल.

न्यू जर्सीत भाचा तो चढवून सोफ्यावर बसला होता. ताईने विचारले, "पोळी वाढू का रे?" काचेवरचे धूसर डोळे मायेने तिच्याकडे बघत राहिले.

ताई कळवळली. "डोळ्यांत पाणी का रे?" म्हणत तिने पदराने काच पुसली.