घरच्या घरी विज्ञान : वसई-विरारकर पालकांसाठी मार्गदर्शक सूचना

रविवारी सकाळी मूल ‘मला प्रयोग करायचाय’ म्हणालं, तर पालकांनी घाबरून जाऊ नये. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक आई, एक बाबा, एक आजी आणि त्या दिवशी पाणी येणारा नळ एवढं पुरतं. पुढील प्रयोग स्थानिक परिस्थिती लक्षात घेऊन निवडले आहेत.

१. आम्ल आणि अल्कली
साहित्य : हळद, कपड्यांचा साबण, लिंबू, जुनं पांढरं फडकं. यातल्या ‘जुनं’ या शब्दाकडे दुर्लक्ष करू नये. मुलांच्या लेखी बाबांचा ऑफिसचा शर्ट जुनाच असतो.
कृती : हळदीत भिजवलेलं फडकं वाळवून त्यावर ओला साबण घासावा. डाग लाल होतो, कारण हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलतं. लिंबू पिळलं की डाग पुन्हा पिवळा. आपण हे रंगात येऊन समजावत असताना आतून आजी म्हणते, “त्यात काय मोठंसं? हळदीत चुना घालूनच कुंकू करायचो आम्ही.” आजीचा मुद्दा बरोबर असल्याने तिला पूर्ण गुण द्यावेत आणि तास संपल्याचं जाहीर करावं.

२. बाष्पीभवन
राजोडी किंवा अर्नाळ्याहून लिटरभर समुद्राचं पाणी आणावं. ते पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवू नये; पाहुण्यांचा विज्ञानावरचा विश्वास उडतो. पसरट ताटात ओतून पाणी गच्चीत उन्हात ठेवावं. खुल्या समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. नायगावच्या मिठागरांचा कारभार यावरच चालत आला. प्रयोग मे महिन्यात करावा. जुलैत केल्यास ताटातलं पाणी वाढतं.
संभाव्य प्रश्न : “पाणी ढगात गेलं, मग पाऊस खारट का नसतो?” मीठ ताटातच राहतं, वर जाते ती फक्त वाफ, हे उत्तर सोपं आहे. तरीही बहुसंख्य घरांत ‘आधी जेवून घे’ हेच उत्तर प्रचलित आहे.

३. भरती-ओहोटी
भिंतीवर टॉर्च मारून, संत्रं फिरवून चंद्राचं आकर्षण समजावावं. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस असला तर खाडीकडे जाणारं पाणी अडून रस्त्यावर तुंबतं, इथपर्यंत यावं. मूल क्षणभर विचार करून म्हणेल, “म्हणजे शाळेला सुट्टी चंद्र देतो?” हा निष्कर्ष तर्काला धरून आहे. खोडायला जाल तर नालेसफाईचा विषय निघेल, आणि तो विज्ञानात मोडत नाही.

४. जडत्व
गाडी सुटली की उभा माणूस मागे झुकतो. हा नियम संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये शिकवू नये. मागे झुकायला जागा लागते. शिवाय शेजारचे काका नियमात स्वतःची भर घालतात.

५. एथिलीन
दोन डब्यांत घोलवडचे कच्चे चिकू ठेवावेत. एकात सोबत पिकलेलं राजेळी केळं ठेवावं. केळ्यातून सुटणाऱ्या एथिलीन वायूमुळे त्या डब्यातले चिकू आधी पिकतात. दोन्ही डब्यांतले सारखेच कच्चे राहिले, तर केळं कुणी खाल्लं याची चौकशी करावी. पुराव्याशी छेडछाड संशोधनात अक्षम्य मानतात. घरात मात्र आजी संशयिताची बाजू घेते.

सर्वसाधारण खबरदारी
उत्तर येत नसेल तर ‘हे परीक्षेला नाही’ असं सांगू नये. ‘करून बघू’ म्हणावं. तेवढ्यात आपल्याला शोधायला वेळ मिळतो. प्रयोग फसला तर मुलावर ओरडू नये, तो का फसला हे त्यालाच विचारावं. बहुधा त्याला आपल्याआधी कळलेलं असतं. भांडी मात्र ज्याने प्रयोग सुचवला त्याने घासावीत, आणि ही शिस्त पहिल्याच रविवारी लावावी. दुसऱ्या रविवारपर्यंत ते काम आपल्या नावावर चढलेलं असतं.