प्रेरणा पायात, पाय सोफ्यावर

२०१९ साली व्हिएन्नात मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगे ४२.१९५ किलोमीटर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत धावला आणि आमच्या सोसायटीतल्या हौशी धावपटूंना प्रेरणेचा झटका आला. आधी कार्बन प्लेटचे बूट आले, मग मनगटावर घड्याळ, कमरेला जेलची पाकिटं. किपचोगे आठवड्याला २०० किलोमीटरच्या आसपास धावायचा, एवढा तपशील मात्र व्हिडिओ पुढे ढकलताना निसटला. व्हिएन्नात त्याच्याभोवती आळीपाळीने ४१ पेसर वारा अडवत होते. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडच्या चढावर आमच्या मंडळींना कुणी अडवावं लागत नाही. ती आपणहून थांबतात, सेल्फीसाठी. घरी आल्यावर पोह्यांच्या दोन बशा. कार्ब लोडिंग तरी जागतिक दर्जाचं!