हात दाखवून अवलक्षण

नियम वाचावेत, पण पुण्याच्या रस्त्यावर संध्याकाळी सहाला ते आजमावायला जाऊ नये. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आणि अंगात खुमखुमी असलेला माणूस नेमके तेच करतो.

मोटार वाहने चालवण्याच्या २०१७ च्या नियमावलीत स्वच्छ लिहिले आहे की, सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर चालकाने वेग कमी करून पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. हे वाचून माझी छाती फुगली. आमच्या चौकात पुसट पट्ट्यांवर मी ताठ उभा राहिलो आणि वाहतूक पोलिसासारखा हात लांब केला.

एक दुचाकी माझ्या मागून गेली, एक पुढून. एका रिक्षाने तर माझ्या पिशवीला ओझरता नमस्कार केला. अखेर एक तरुण खरोखरच थांबला. मी धन्य झालो. तो म्हणाला, "काका, कुठे सोडू?"

त्याला वाटले, मी लिफ्ट मागतोय. मी त्याला नियमावली समजावून सांगू लागलो, तोच मागच्या पीएमपीने असा हॉर्न दिला की मी मुकाट्याने त्याच्या मागे बसलो. पुढच्या चौकात उतरलो. समोरचा रस्ता ओलांडायचा राहिलाच होता. आता घरी पोहोचायला आणखी दोन ओलांडावे लागणार होते. रिक्षा केली.

क्रॉसिंगचा नाद सोडून मी फूटपाथकडे वळलो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निवासी भागातही चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि फूटपाथची उंची १५० मिलिमीटरहून जास्त नको. मोजायचे ठरले, पण घरात होता तो फक्त हिचा शिवणकामाचा टेप, दीड मीटरचा. "अहो, कमी पडेल तो," ही म्हणाली, "आणि आठवणीने परत आणा."

कमी कुठेच पडला नाही.

एका बाजूला डीपीचा गंजका डबा, दुसऱ्या बाजूला वडापावची गाडी, मध्ये वाढदिवसाच्या फ्लेक्सचा बांबू. फ्लेक्सवरचे भाऊ हात जोडून हसत होते. डीपी आणि गाडी यांच्यामधली फट भरली ५२ सेंटीमीटर. फूटपाथची उंची माझ्या गुडघ्यापर्यंत आली, तेव्हा आज्या रस्त्यावरून का चालतात, याचा उलगडा झाला. मी वाकून आकडे टिपत असताना मागून हॉर्न वाजला. फूटपाथवरूनच आलेल्या एका स्कूटरला वाट हवी होती. मी "सॉरी" म्हणून बाजूला झालो आणि एका डुगडुगत्या पेव्हर ब्लॉकवर पाय दिला. त्याखाली साठलेले पाणी पायजम्यावर गुडघ्यापर्यंत उडाले.

वडापाववाल्याने टेप पाहून मला अतिक्रमण विभागाचा माणूस समजले आणि न मागता गरम वडा व चहा पुढे केला. माझी तत्त्वे सांगायला तोंड रिकामे नव्हते.

राहिली सायकल. सायकलींचे शहर म्हणून मिरवलेल्या पुण्यात माझे अर्धे आयुष्य गेलेले. भाच्याची गिअरवाली सायकल घेऊन मी सायकल ट्रॅकवर शिरलो. ट्रॅकच्या तोंडाशी लोखंडी खांब होते, दुचाक्या आत येऊ नयेत म्हणून. त्यांच्यातून दुचाक्या सहज जात होत्या. माझे हँडल तेवढे अडकले. पुढे ट्रॅकवर बसथांबा आला, मग पार्किंग, मग झाड. झाडाशी ट्रॅक संपला. मी उतरलो आणि सायकल हातात धरून रस्त्याने निघालो, म्हणजे एकाच वेळी पादचारी आणि सायकलस्वार. शिव्याही दोघांच्या वाट्याच्या मिळाल्या.

पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा करते. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद असतो. मीही गेलो. सगळा रस्ता मोकळा, लोक ऐसपैस फिरताहेत, आणि मी मात्र दुकानांच्या पायऱ्यांना खेटून, अंग चोरून, दर दहा पावलांवर मागे बघत चाललोय. सवय जाता जात नाही.

मग एकदा जंगली महाराज रस्त्यावर गेलो. तिथला फूटपाथ नव्याने आखताना इतका रुंद केला की झाडे, बाकडी आणि माणसे सगळी मावली. तिथे मी हात दाखवला नाही, नियम सांगितला नाही, कुणाला सॉरीही म्हटले नाही. पुणेकर तिथे काही अचानक सज्जन झालेले नाहीत. रस्त्याची आखणीच अशी आहे की माझ्यासारख्याला शूर व्हावे लागत नाही. गल्लीच्या तोंडाशी क्रॉसिंग फूटपाथच्या पातळीला उचलले की गाडी आपोआप हळू होते. वळणाचा कोपरा आवळला की भरधाव वळता येत नाही. रुंद रस्त्याच्या मध्यावर थांबायला जागा केली की म्हातारा माणूस दोन दमात पलीकडे पोहोचतो. यातले काहीही चालकाच्या सद्बुद्धीवर अवलंबून नाही, आणि माझ्या लांब केलेल्या हातावर तर नाहीच.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चालण्याजोगा, अडथळा नसलेला फूटपाथ हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तेव्हा मते मागायला कुणी दारात आले, तर रस्ता सुरक्षेवर भाषण ऐकू नका. त्यांना फूटपाथवर न्या आणि १.८ मीटर मोजून दाखवायला सांगा. टेप आमच्याकडून न्यावा. तेवढा आठवणीने परत करा, हिचे ब्लाउज खोळंबलेत.