हळदीच्या जिल्ह्यात पाकिटाची पूड

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याची ओळख आज हळदीने होते. जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही इथल्या मिसळणाच्या डब्यात चकचकीत पाकीट फोडून ओतलेली पूड निघावी, ही कमाल आहे. शेतावर शिजवलेले, उन्हात वाळवलेले, पॉलिश केलेले हळकुंड मोंढ्यातून लिलावाने बाहेर पडते, परमुलूख पाहते आणि छापील कपडे घालून आपल्याच किराणा दुकानात परत येते. भाडे, दलाली, जाहिरात सगळे आपल्या खिशातून. कौतुकही आपणच करायचे!

पाकिटावर हमीचा शिक्का असतो, असे कोणी म्हणेल. असतो, आणि मुंबई-पुण्याच्या माणसाला तो हवाही. पण हळकुंड मोडले की आतला केशरी रंग डोळ्यांना दिसतो. पुडीत काय मोडून बघणार? शिवाय शेजारणीने दिलेल्या वाटीभर हळदीची तपासणी सरकारी प्रयोगशाळेपेक्षा कडक. वरणाला रंग चढला नाही, तर संध्याकाळी ओट्यावर तिला जाब द्यावा लागतो; कंपनीचा फोन मात्र ‘आपण रांगेत आहात’ एवढेच सांगतो. राहिला वेळेचा आक्षेप. हळकुंडे खलबत्त्यात फोडा, गिरणीवर हळदीचा घाणा कधी ते विचारा, पूड चाळा, फुरसत कोणाला? खरेच आहे. (पाककृतींचे व्हिडिओ बघायला मात्र दुपार पुरत नाही.) म्हणून तर शेजारीण हवी: दळण तिचे, वाटी आपली, आणि ती रिकामी परत करायची नसल्याने शेंगदाण्याच्या चटणीचा खर्च तेवढा आपल्या माथी.