क्रोकस-परीक्षा

शरद ऋतूत फुलणाऱ्या क्रोकसची जात ओळखण्याचे शास्त्र उभ्याने शिकता येत नाही. ते गुडघे टेकूनच शिकावे लागते, कारण हे फूल जेमतेम वीतभर उंच असते, अनेक जातींत त्या वेळी पानांचा पत्ता नसतो, आणि नवशिका ज्याला देठ समजतो ती वस्तुतः पाकळ्या तळाशी जुळून झालेली लांब नळी असते, तर अंडाशय, म्हणजे जेथे बी धरते तो भाग, जमिनीखाली कंदापाशी सुखरूप दडलेला असतो. या रचनेचा तोटा पाऊस आला की कळतो. तुर्कस्तान, कॉकेशस आणि इराण येथील क्रोकस स्पेसिओसस ही निळसर जांभळी, गडद शिरांची जात बागेत सहज रुजते आणि तितक्याच सहज आडवी होते; तिच्या एका वाणाला ‘कॉन्करर’ असे दिग्विजयी नाव मिळाले असले, तरी इंग्लंडातील ऑक्टोबरच्या सरींपुढे त्याचाही निभाव लागत नाही.

तिच्यासारखीच दिसणारी क्रोकस पुल्केलस ही जात पिवळ्या गळ्यावरून आणि पांढऱ्या परागकोशांवरून, म्हणजे पुंकेसरांच्या टोकांवरील परागाच्या पिशव्यांवरून, वेगळी काढता येते. मात्र दोघी शेजारी लावल्यास त्यांचा संकर होतो आणि ग्रंथकारांची परवानगी न घेता अधल्यामधल्या रूपाची संतती उगवते. इतर जातींबाबत शंका आल्यास कंद उकरून त्याचे आवरण पाहावे, असे शास्त्र सांगते: स्पेसिओससचे आवरण तळाशी कड्यांसारखे सुटते, केशराच्या क्रोकसचे बारीक तंतूंच्या जाळीचे असते. निदान अचूक ठरते, पण ते शवविच्छेदनानंतरचे. फरशांचा कारखाना चालवणारे जॉर्ज मॉ यांनी १८८६ मध्ये क्रोकस या संपूर्ण प्रजातीवर भव्य सचित्र ग्रंथ काढला, ई. ए. बोल्स यांनी १९२४ मध्ये बागवानांसाठी लिहिलेल्या पुस्तकात क्रोकसच्या जोडीला कोल्चिकमही घेतले, आणि यातच बोल्स यांचे शहाणपण दिसते.

कारण ‘शरदातला क्रोकस’ म्हणून इंग्रज माणूस सर्रास ज्याच्याकडे बोट दाखवतो, ते कोल्चिकम मुळात क्रोकस नाहीच. ते सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कुळातले आणि तिच्याप्रमाणेच कोल्चिसीन हे विष बाळगणारे आहे. उलट कोजागरीच्या दुधात पडणारे केशर, ज्याला स्वयंपाकघरात कोणी क्रोकस म्हणत नाही, ते अस्सल शारदीय क्रोकसच्या कुक्षींचे, म्हणजे पराग झेलणाऱ्या लाल टोकांचे, असते. ही वनस्पती वंध्य असल्याने तिला बी धरत नाही, आणि काश्मीरातील पांपोर असो वा स्पेन, तिचे कंद माणसालाच लावावे लागतात. तेव्हा घरच्या केशराचे स्वप्न पाहणाऱ्या हौशी बागवानाने आधी पुंकेसर मोजावेत: तीन असल्यास क्रोकस, सहा असल्यास कोल्चिकम, आणि सहाचे फूल दुधाच्या पातेल्यापासून दूर ठेवावे.