मला ही कविता आवडते, कारण… (४ गुण)

बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात एका कवितेचं रसग्रहण करायचं असतं. गुण चार. कवी आणि शीर्षक यांविषयी दोन ओळी, मग आशय, मग अलंकार, आणि शेवटी स्वतःचं मत. राज्यातली लाखो मुलं एकाच दिवशी, एकाच वेळी खाली मान घालून स्वतःचं मत लिहितात आणि ते सगळ्यांचं एकच निघतं. इतकी वैचारिक एकजूट या महाराष्ट्रात ना साहित्य संमेलनाच्या मांडवात दिसते, ना सत्ताधारी आघाडीत. तरीही लोक विचारतात, शिक्षणानं समाजाला काय दिलं?

स्वतःचं मत गाईडमध्ये असतं, हे आता पहिलीतल्या पोरालाही ठाऊक आहे. क्लासवाले त्याची झेरॉक्स देतात, अपेक्षित प्रश्नसंच त्याला चौकटीत टाकतो आणि परीक्षक ते ओळखीच्या माणसाला हात करावा तसं पाहून पुढे जातात. अनोळखी मत दिसलं की मात्र त्यांचं पेन अडतं. हे कुठून आलं? नमुना उत्तरात तर नाही! दिवसाकाठी गठ्ठा संपवायचा असतो. तेवढ्यात कोणा पोराच्या मनात काय आहे ते बघत बसायला कोणाला फुरसत आहे?

दिलीप चित्रे यांची ‘फादर रिटर्निंग होम’ घ्या. चित्रे मराठी आणि इंग्रजी दोन्हींत सारख्याच ताकदीनं लिहिणारे कवी. तुकोबांना ‘सेज तुका’मधून इंग्रजीत नेणारे. त्यांच्या या कवितेतला बाप उशिराच्या गाडीनं घरी परततो. कपडे ओले, रेनकोटला चिखल. घरी पांचट चहा आणि शिळी पोळी. पोरं त्याच्याशी धड बोलत नाहीत. त्याच्या वाट्याला रेडिओची खरखर. आता ही कविता बदलापूरच्या एखाद्या कॉलेजात शिकवताहेत असं धरा. तिसऱ्या बाकावरच्या पोराचा बाप रोज तीच गाडी पकडतो, दारात लटकतो आणि रात्री दहाला घरात पाऊल टाकतो. पोरगा हात वर करतो. म्हणतो, “सर, आमचे पप्पापण घरी आल्यावर कोणाशी बोलत नाहीत.”

सर दचकतात. पोराचे पप्पा सिलॅबसमध्ये नाहीत.

“बरं बरं. ॲलिटरेशन लिहून घे आधी. त्याला मार्क आहेत.”

पोरगा लिहून घेतो. पुढे परीक्षेत ‘ही कविता मला आवडते कारण तिची भाषा साधी व प्रभावी आहे’ असंही लिहितो. पप्पा त्या रात्रीही दहालाच येतात.

कवींची आम्ही जी सुधारणा केली, ती तर त्यांच्या आईबापांनाही जमली नव्हती. लॉर्ड बायरननं १८१६ साली बदनामीला कंटाळून इंग्लंड सोडलं, ते जिवंतपणी परत पाऊल टाकलं नाही. त्याच्या भानगडींवर त्या काळच्या लंडनचे दिवाणखाने पोसले. आमच्या पुस्तकात मात्र त्याची ‘शी वॉक्स इन ब्यूटी’ आली आणि तो पार सोवळ्यात बसला. बाह्य सौंदर्यापेक्षा मनाचं सौंदर्य श्रेष्ठ, हा त्याचा संदेश. बायरननं हे वाचलं असतं, तर त्यानं दुसऱ्यांदा देश सोडला असता.

पण या सगळ्यावर कडी करणारा पाठ वेगळाच आहे. बारावीला कादंबरीच्या विभागात ‘टू सर, विथ लव्ह’चा उतारा आहे. गयानाहून आलेला ई. आर. ब्रेथवेट लंडनच्या ईस्ट एंडमधल्या एका दांडगट शाळेत मास्तर होतो, त्याची ही १९५९ साली प्रसिद्ध झालेली कहाणी. त्या शाळेत एक चाल होती, वीकली रिव्ह्यूची. दर आठवड्याला मुलांनी सरत्या आठवड्याबद्दल स्वतःच्या शब्दांत लिहायचं. कोणावरही लिहा, कशावरही लिहा. मास्तरांवर लिहा, हेडमास्तरांवर लिहा. कोणी डूख धरणार नाही. मुलं रागावून का होईना, पण लिहितात. आपलं कोणीतरी वाचतंय हे कळल्यावर नीट लिहू लागतात. लिहायला शिकवायची याहून स्वस्त युक्ती अजून निघालेली नाही. एक वही आणि एक न चिडणारा मास्तर, एवढाच खर्च.

आमच्याकडे ही युक्ती जशीच्या तशी उचलली आहे. प्रश्न : ‘वीकली रिव्ह्यू म्हणजे काय? त्याचे महत्त्व सुमारे शंभर शब्दांत लिहा.’ उत्तर गाईडमध्ये आहे. पोरं ते पाठ करतात. स्वतःच्या शब्दांत लिहिण्याचं महत्त्व दुसऱ्याच्या शब्दांत, स्वल्पविरामासकट!

रसग्रहणाची ही तऱ्हा, तर संशोधनाचं विचारूच नका. आमच्या शाळा-कॉलेजांत संशोधनाला ‘प्रोजेक्ट’ म्हणतात आणि ते झेरॉक्सच्या दुकानात मिळतं. ‘सर्व विषयांचे प्रोजेक्ट तयार मिळतील’ अशी पाटीच असते. आत स्पायरलचं मशीन, रंगीत कव्हरं आणि पेन ड्राइव्हमध्ये गेल्या दहा वर्षांचं ज्ञान. फक्त नाव आणि रोल नंबर बदलायचा. कधी घाईत तोही राहतो आणि आदल्या वर्षीची एखादी मुलगी यंदाही ‘अ’ श्रेणीत पास होते. पहिल्या पानावरचं आभारपत्र अख्ख्या भारतात एक आहे. ‘स्पेशल थँक्स ऑफ ग्रॅटिट्यूड’ हे असलं इंग्रजी मूळ कोणी लिहिलं कोण जाणे. पण काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळी मुलं आपल्या सरांचे आभार याच शब्दांत मानतात आणि सरांना त्यात काही खटकत नाही. शेवटच्या पानावर संदर्भसूची : गूगल.

निष्कर्षाचं तर आधी कळस मग पाया. ‘आमच्या परिसरातील जलप्रदूषण’ या विषयाचा निष्कर्ष नदीकडे जायच्या आधीच छापून तयार असतो. तो खरा करायला नदीकाठी जावं लागत नाही, ही त्यातली खरी सोय. एखादं पोर गेलंच आणि म्हणालं, ‘सर, नाल्याचं पाणी कुठून येतं ते मला कळलंच नाही,’ तर त्याचे मार्क जातात. खरं तर संशोधनाची पहिली ओळ त्या दिवशी त्यानं एकट्यानं लिहिलेली असते.

पुढे हीच मुलं पीएचडी करतात. तिथे विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८चा नियम आहे : इतरांशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, साठ टक्क्यांच्या पुढे गेलं की नोंदणी रद्द. सतरा वर्षांपर्यंत शंभर टक्के साम्याला पूर्ण गुण देणाऱ्या देशानं पंचविशीत दहा टक्क्यांची अट घालावी, याला काय म्हणावं? पोरं बिचारी गोंधळतात. आयुष्यभर ज्याला अभ्यास म्हटलं, त्याला अचानक चोरी म्हणायला लागले!

सध्या एआयवर परिसंवादांचा सुकाळ आहे. यंत्रामुळे मुलांचं स्वतःचं लेखन बुडणार, असा टाहो वक्ते फोडतात. ज्या वस्तूची आपण कधी मागणी केली नाही, ती बुडणार कशी? बुडाला तर तो झेरॉक्सवाला बुडेल. त्याच्याकडे निदान पोरांना स्वतःच्या पायांनी जावं लागत होतं.

मास्तरांनाच झोडपण्यात अर्थ नाही. एका वर्गात ऐंशी-ऐंशी पोरं, हजेरी कॉलेजात आणि अभ्यास जेईई-नीटच्या क्लासात, वर तपासलेल्या पेपरांवर मॉडरेटरची नजर. वेगळ्या उत्तराला गुण दिले तर खुलासा द्यावा लागतो, ठरावीक उत्तराला दिले तर कोणी काही विचारत नाही. पोटावर पाय कोण आणून घेईल? मुलांनाही हे पक्कं कळतं. मत मांडण्यापेक्षा मत ओळखणं फायद्याचं, हा धडा कुठल्याच पुस्तकात छापलेला नाही आणि तेवढाच प्रत्येक पोराला तोंडपाठ आहे. नोकरीत, पक्षात, सोसायटीच्या सभेत पुढे तो जन्मभर पुरतो.

तेव्हा इंग्रजीच्या तमाम सर-मॅडमना एकच विनंती. यंदा एखाद्या पोरानं ‘ही कविता मला आवडली नाही’ असं लिहिलं आणि खाली स्वतःचं धड कारण दिलं, स्पेलिंग चुकलं असलं तरी, तर त्याला चारपैकी चार द्या. खुलासा मागितला, तर प्रश्नपत्रिका पुढे करा. स्वतःचं मत लिहायला तिथेच सांगितलं आहे.